घरची व्यायामशाळा : काय घ्यावे, काय घेऊ नये

मुलांनो, या धड्यात आपण एक घरगुती प्रश्न सोडवणार आहोत. व्यायामासाठी घरात साधने घ्यायची असतील, तर ती निवडायची कशी? प्रश्न साधा दिसतो, पण त्यात थोडे मराठी आहे, थोडा इतिहास आहे आणि बरेचसे गणित आहे. आम्ही दोघेही दिवसभर संगणकापुढे बसून प्रोग्रॅम लिहिणारी माणसे. काम हाती घेताना आधी ‘नेमके हवे काय’ हे कागदावर मांडायचे, ही आमच्या व्यवसायातली रीत. गेल्या हिवाळ्यात तीच रीत आम्ही तळघरातल्या एका रिकाम्या कोपऱ्याला लावली. हा धडा त्या कागदावरून तयार केला आहे. आई-बाबांनी तो मुलांबरोबर बसून वाचावा. शेवटचा स्वाध्याय दोघांनी मिळून करायचा आहे.

१. हा प्रश्न महत्त्वाचा का?

आपल्या वर्गातल्या बहुतेक घरांत आई किंवा बाबा, किंवा दोघेही, खुर्चीत बसून काम करतात. गाडीने जातात, गाडीने येतात. डिसेंबर ते मार्च बाहेर बर्फ असतो, म्हणून चालणेही बंद होते. आता ही दुसरी गोष्ट वाचा. मधुमेह आणि हृदयविकार भारतीय उपखंडातल्या लोकांना तुलनेने लवकरच्या वयात होतात, आणि वजन फारसे वाढलेले नसतानाही होतात. बी.एम.आय. म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. अमेरिकेत तो २५ झाला की मधुमेहाच्या तपासणीचा विचार करतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ साली आशियाई वंशाच्या प्रौढांसाठी ही मर्यादा २३ वर आणली. म्हणजे शेजारच्या गोऱ्या काकांना जो आकडा निर्धास्त ठेवतो, तो आपल्या बाबांना ठेवत नाही.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर शोषून घेण्याचे मोठे काम आपले स्नायू करतात. स्नायूंना रोज हालचाल मिळाली तर ते हे काम चांगले करतात. म्हणून व्यायाम ही हौशीची बाब नाही, घराच्या गरजेची बाब आहे.

व्यायाम किती हवा, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि शिवाय किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम करावा. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी. या वाक्यांत कुठेही यंत्राचे नाव नाही, हे लक्षात घ्या.

२. तालमीत काय असे?

‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ शिकवण. मराठीत त्याचे दोन अर्थ झाले. नाटकाची तालीम म्हणजे सराव, आणि पैलवानांची तालीम म्हणजे व्यायामाची जागा. महाराष्ट्रातल्या जुन्या तालमीत गेलात तर सामान किती थोडे असते ते दिसेल. मऊ मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीला टेकवलेले लाकडी मुद्गल, एखादी गदा, आणि मोठी व्यायामशाळा असेल तर मल्लखांब व टांगलेला दोर. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि आजही तिथे मल्लखांब शिकवतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा मोठा प्रचार केला. सूर्यनमस्काराला तर सतरंजीखेरीज काहीच लागत नाही.

यातले एक साधन आपल्या आधी अमेरिकेत येऊन पोचले. मुद्गल म्हणजे एका टोकाला जाड आणि मुठीकडे निमुळता असा लाकडी सोटा. तो खांद्याभोवती फिरवायचा असतो. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेने तो पाहिला आणि मायदेशी नेला. तिथून तो इकडे आला. सिम केहो यांचे मुद्गलांच्या व्यायामावरचे इंग्रजी पुस्तक १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये छापले गेले. पुढे १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकमध्ये हलके मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही होती. तुमच्या शाळेत कोणी ‘इंडियन क्लब्ज’ म्हटले, तर त्याला मराठीत मुद्गल म्हणतात हे तुम्ही सांगू शकाल.

३. आपल्याकडे काय आहे, आणि काय नाही?

कागदावर आम्ही शरीराची पाच कामे लिहिली : ढकलणे, ओढणे, उठणे-बसणे, उचलून नेणे आणि दमसास. मग प्रत्येकापुढे लिहिले की हे काम कुठलेही साधन न घेता होते का.

ढकलणे : होते. जोर काढताना आपण जमीन ढकलतो. ज्यांना जमिनीवर जमत नाही त्यांनी भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून काढावेत.

उठणे-बसणे : होते. बैठका. आजींसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणे, हीसुद्धा बैठकच आहे.

उचलून नेणे : होते. तांदळाची २० पौंडांची पिशवी, दुधाचे गॅलन, पुस्तकांनी भरलेली शाळेची बॅग. गॅलनभर दूध साधारण साडेआठ पौंडांचे असते.

दमसास : होतो. जिना, दोरीवरच्या उड्या, भरभर चालणे. बर्फाचे चार महिने मात्र अडचणीचे.

ओढणे : इथे आमची पेन्सिल थांबली. सपाट जमिनीवर ओढायला काही नसते. जोर, बैठका, सूर्यनमस्कार कितीही केले तरी पाठीचे ओढणारे स्नायू जवळजवळ उपाशी राहतात. तालमीत ही उणीव नव्हती. तिथे दोर होता, मल्लखांब होता आणि कुस्तीत तर समोरचा माणूसच ओढायचा असे. आपल्या घरात यातले काही नाही. त्यातून आपण सगळे दिवसभर संगणकावर खांदे पुढे झुकवून बसतो, म्हणजे ज्या स्नायूंची सर्वांत जास्त गरज, तेच बसून राहतात.

यावरून आमच्या खरेदीचा पहिला नियम तयार झाला. जे घरात फुकट होते त्यासाठी पैसे घालू नयेत. जे होत नाही, ते आधी घ्यावे. दुकानात मात्र उलटे घडते. दर्शनी भागात चालण्याची यंत्रे मांडलेली असतात, आणि ओढण्यासाठी लागणारे रबरी पट्टे कोपऱ्यातल्या खुंटीवर लटकत असतात.

४. मोजपट्टी घेऊन तळघरात

साधन दुकानात लहान दिसते, कारण दुकानाचे छत उंच असते. म्हणून जाण्याआधी घर मोजावे. ट्रेडमिलचे उदाहरण घेऊ.

आमच्या तळघराची उंची ७ फूट, म्हणजे ८४ इंच. ट्रेडमिलचा पट्टा जमिनीपासून ८ इंच वर आहे असे धरा. बाबांची उंची ७० इंच. धावताना डोके साधारण ४ इंच वर जाते. बेरीज झाली ८२. म्हणजे २ इंच उरले. आता चढ लावू. १० टक्के चढ म्हणजे ६० इंच लांब पट्ट्याचे पुढचे टोक ६ इंच वर जाते. धावणारा पट्ट्याच्या पुढच्या भागात असतो, म्हणून त्याच्या पायाखाली ४ इंच तरी वाढतात. ८२ आणि ४ मिळून ८६. बाबांचे डोके छताला लागणार. शिवाय घरात पंधरा वर्षांचा मुलगा असेल, तर त्याची आजची उंची धरू नये. तो अजून वाढणार आहे.

जमिनीवरची जागाही अशीच मोजावी. ट्रेडमिलच्या मागे साधारण ६ फूट मोकळी जागा ठेवावी, म्हणजे तोल गेला तर माणूस भिंत आणि पट्टा यांच्यात अडकत नाही. रोइंग मशीन सुमारे ८ फूट लांब असते, पण बरीचशी उभी करून ठेवता येतात. दोरीच्या उड्यांना ७ फुटांचे छत पुरत नाही. त्या गराजमध्ये किंवा ड्राइव्ह-वेवर माराव्यात.

आता वीज. अमेरिकेतल्या घरात साधा प्लग १२० व्होल्टचा आणि सर्किट बहुधा १५ अँपिअरचे असते. १२० गुणिले १५ म्हणजे १८०० वॉट. सतत चालणाऱ्या उपकरणासाठी त्याच्या ८० टक्केच धरायचे, म्हणजे १४४० वॉट. आता ट्रेडमिलच्या खोक्यावर ‘३ अश्वशक्ती’ असे लिहिलेले असते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा तीन म्हणजे २२३८ वॉट. एवढी वीज त्या प्लगमधून सतत मिळूच शकत नाही! खोक्यावरचा आकडा मोटर किती सोसू शकेल ते सांगतो. तेवढी शक्ती रोज आपल्या पायांखाली येईल असे नाही. आणि त्याच सर्किटवर फ्रीझर किंवा हीटर असेल, तर ब्रेकर पडू शकतो.

५. वजनांची गंमत

डंबेल्स घेताना सगळे जण विचारतात, सर्वांत जड किती? आमच्या मते विचारायला हवे, दोन वजनांत अंतर किती?

४० पौंडांवरून ४५ वर गेलो तर वाढ साडेबारा टक्के. १० वरून १५ वर गेलो तर वाढ ५० टक्के. आणि ५ वरून १० म्हणजे १०० टक्के! बाबांना जी पायरी लहान वाटते, ती आईला मोठी आणि आजीला अशक्य असते. ज्या घरात तीन पिढ्या व्यायाम करणार, तिथे एक, दोन, तीन, पाच पौंडांची लहान वजने जड वजनांइतकीच महत्त्वाची. तालमीत हीच युक्ती संख्येत असे. आज २५ जोर, चार दिवसांनी २७. एकदम दुप्पट कोणी करीत नसे.

रबरी पट्ट्याचा स्वभाव वेगळा आहे. लोखंड सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच जड असते. पट्टा मात्र जितका ताणाल तितका जास्त जोर मागतो. म्हणून सुरुवात सोपी जाते आणि शेवट कठीण. दाराच्या फटीत पक्का अडकवून तो छातीकडे ओढला, की आपला ओढण्याचा प्रश्न सुटतो. पट्टा नेहमी दार ज्या बाजूला मिटते त्या बाजूने ओढावा, म्हणजे दार उघडून तो तोंडावर येत नाही.

काही आकडे सामान्यज्ञान म्हणून लक्षात ठेवा. ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या लोखंडी दांड्याचे वजन २० किलो, स्त्रियांच्या १५ किलो. १ किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड. गोल पोटाच्या आणि वर कडी असलेल्या केटलबेल्स रशियातून आल्या. तिकडे ‘पूड’ हे जुने माप होते, साधारण १६ किलोंचे. म्हणून त्या १६, २४, ३२ अशा वजनांत मिळतात, म्हणजे एक पूड, दीड पूड आणि दोन पूड.

६. किंमत कशाने भागावी?

पाटीवरची किंमत ही अर्धीच किंमत. तिला वापराच्या दिवसांनी भागावे. समजा, एक ट्रेडमिल ९०० डॉलर्सची घेतली आणि वर्षात ४५ दिवस वापरली. एका दिवसाचे २० डॉलर्स पडले. समजा, ३० डॉलर्सचे पट्टे १५० दिवस वापरले. एका दिवसाचे २० सेंट पडले. पण हेच गणित उलटेही सांगते. तीच ट्रेडमिल कोणी पाच वर्षे आठवड्यातून चार दिवस वापरली, तर दिवसाला ९० सेंटही पडत नाहीत. म्हणजे महाग साधन वाईट नाही. न वापरलेले साधन महाग. अनेक घरांत त्यावर धुतलेले कपडे वाळत असतात, हे तुम्ही पाहिलेच असेल.

हे ठरवण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. यंत्र घेण्याआधी सहा आठवडे तेच काम यंत्राशिवाय करावे. चालण्याचे यंत्र हवे असेल तर मॉलमध्ये किंवा घरातल्या जिन्यावर रोज वीस मिनिटे. सहा आठवडे टिकले तर यंत्र घ्यावे. तोवर वसंत ऋतू येतो आणि गराज सेलही सुरू होतात.

जुने घेताना एवढे पाहावे. लोखंड खराब होत नाही, तेव्हा वजने खुशाल जुनी घ्यावीत. रबर मात्र उन्हाने आणि वयाने तडकते, म्हणून पट्टे नवेच घ्यावेत. जुनी सायकल पाच मिनिटे चालवून पाहावी, आवाज ऐकावा, पायडल डगमगते का ते पाहावे. जुन्या ट्रेडमिलवर पट्टा एका बाजूला सरकत असेल किंवा जळका वास येत असेल, तर नमस्कार करून निघावे.

७. धाकट्या भावंडांची काळजी

हा भाग मोठ्यांनी दोनदा वाचावा. २०२१ साली पेलोटन कंपनीने अमेरिकेत आपली ‘ट्रेड प्लस’ ही ट्रेडमिल परत मागवली. ती यंत्राखाली ओढून घेत असे. त्यात एका लहान मुलाचा मृत्यू झाला होता आणि इतरही मुलांना इजा झाली होती. ट्रेडमिल कुठल्याही कंपनीची असो, व्यायाम झाला की तिची सुरक्षा-किल्ली काढून उंच ठेवावी आणि प्लगही काढावा. लहान मूल खोलीत असताना ती चालवू नये. वजने नेहमी जमिनीवर किंवा खालच्या फळीवर ठेवावीत. पट्टा ओढण्याआधी त्यावर हात फिरवून चीर आहे का ते पाहावे.

मुलांनी वजने उचलावीत का, असे बरेच पालक विचारतात. हलके वजन, नीट शिकवलेली पद्धत आणि जवळ उभा मोठा माणूस, या तीन अटींवर चालते. आपण किती जड उचलतो याची पैज मात्र लावायची नाही. घरात कोणाला हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा सांध्यांचा त्रास असेल, तर सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारावे.

८. आमच्या कागदावर शेवटी काय राहिले?

सर्वांत कठीण प्रश्न आजींचा होता. त्या गावी रोज सकाळी देवळापर्यंत चालत जातात. इथे हिवाळ्यात निसरड्या फुटपाथवर त्यांना एकटे पाठवता येत नाही. चार महिने पाय थांबले, तर परत गेल्यावर देऊळ लांब पडते. म्हणून ट्रेडमिल त्यांच्यासाठीच घ्यावी असा विचार होता. पण सरकत्या पट्ट्यावर पाऊल टाकायची त्यांना भीती वाटली. “जमीनच पळायला लागली तर मी कशाला धरू?” असे त्यांनी विचारले, आणि ते बरोबरच होते. रोइंग मशीनची बैठक फार खाली, तिथून उठणे अवघड. तेव्हा पाठीला टेकू असलेली, बसून चालवायची सायकल ठरली. ती जुनी मिळाली. आजी त्यावर वीस मिनिटे बसतात आणि तेवढ्यात त्यांचा जप होतो.

बाकी यादी अशी : दाराला अडकवायचे पट्टे तीन जाडीचे, वजन बदलता येणाऱ्या डंबेल्सची एक जोडी, दोन आणि तीन पौंडांची लहान वजने, उडीची दोरी, आणि दोन सतरंज्या. सगळे मिळून नव्या ट्रेडमिलच्या निम्म्याहून कमी खर्च आला. कोपऱ्यात अजून जागा शिल्लक आहे, आणि ती तशीच ठेवायची आहे. सूर्यनमस्काराला सहा-सात फूट मोकळी जमीन लागते.

तुमच्या घरची यादी वेगळी येईल, आणि यायलाच हवी. तुमचे छत वेगळे, माणसे वेगळी, गुडघे वेगळे. आमची यादी उतरवून घेऊ नका. कागद मात्र उतरवून घ्या.

शब्दार्थ

हौदा – कुस्तीसाठी माती भरलेली जागा
दमसास – न थकता बराच वेळ श्रम करण्याची ताकद
निमुळता – एका टोकाकडे बारीक होत जाणारा
उणीव – कमतरता
निर्धास्त – काळजी नसलेला
ओटा – स्वयंपाकघरातला कामाचा उंच कट्टा
अश्वशक्ती – यंत्राची शक्ती मोजण्याचे एक माप

वाक्प्रचार : ‘नमस्कार करून निघणे’ म्हणजे वाद न घालता, न घेता परत येणे. याचा वाक्यात उपयोग करा.

स्वाध्याय

१. ‘तालीम’ या शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येकाचे एक वाक्य लिहा.
२. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार करूनही शरीराचे कोणते काम राहून जाते? ते तालमीत कसे होत असे?
३. तुमच्या घरातल्या तळघराची किंवा गराजची उंची इंचांत मोजा. घरातल्या सर्वांत उंच माणसासाठी धड्यातले गणित करा. चढ लावून धावता येईल का?
४. ८ पौंडांवरून १० पौंडांवर गेल्यास वाढ किती टक्के? २० वरून २२ वर गेल्यास किती?
५. ६०० डॉलर्सची सायकल तीन वर्षे, दर वर्षी १०० दिवस वापरली, तर एका दिवसाची किंमत काढा.
६. पाच कामांची यादी वहीत लिहा. प्रत्येकापुढे आपल्या घरात ते कोण, कशाने करते ते लिहा. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे आई-बाबांशी बोलून काय करता येईल ते ठरवा.
७. आजी-आजोबांना या आठवड्यात फोन कराल तेव्हा विचारा : तुमच्या गावात तालीम होती का? तिथे काय काय होते? उत्तर पाच ओळींत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात वाचून दाखवा.